खाडा कोणाच्या नावावर?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने भारताच्या फुटबॉल संघाला २–१ असे हरवले आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार आपल्याला बंद झाले. त्यानंतर आमच्या महाविद्यालयाच्या कँटीनमध्ये चहाच्या कपांभोवती जी शोकसभा भरली, तिला मीही हजर होते. आपल्या नागपूर जिल्ह्याहून कितीतरी लहान असलेला देश आपल्याच अंगणात येऊन आपल्याला हरवतो, यावर सर्वांनी भरपूर हळहळ व्यक्त केली. शेवटी "आता आशियाई चषकात भारत नाही" असा दुखवट्याचा ठराव एकमताने मंजूर होऊ लागला, तेव्हा मी म्हणाले, "भारत आहे. मुलींचा संघ जुलैमध्येच पात्र ठरला. थायलंडला थायलंडमध्ये हरवून."

क्षणभर सगळे गप्प झाले. मग एक वर्गमित्र चहाचा घोट घेत अगदी सहज म्हणाला, "ते वेगळं."

तो माझा चांगला मित्र आहे आणि त्याच्या मनात काही वाईट नव्हते, हे मला ठाऊक आहे. पण त्याचे ते दोन शब्द माझ्या डोक्यातून गेले नाहीत. परीक्षेच्या अभ्यासातून वेळ काढून मी या 'वेगळ्या' संघाचा इतिहास वाचायला घेतला. त्यातून जे हाती लागले आणि त्यावरून जे वाटले, ते येथे मांडते.

वाचकहो, भारतीय फुटबॉलचा जो इतिहास आपण एकमेकांना सांगतो तो ठरलेला आहे. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धेत मेवालालच्या गोलावर इराणला हरवून सुवर्णपदक. १९५६ साली मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसोझाचे ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल आणि भारत चौथा. १९६२ साली जकार्ता येथे दक्षिण कोरियाला २–१ असे नमवून दुसरे सुवर्ण. १९६४ साली आशियाई चषकात उपविजेतेपद. येथे ही पोथी संपते. पुढे उसासा, आणि आशियाई चषकात भारताला त्यानंतर कधी दुसरा क्रमांकही मिळाला नाही, हे वाक्य.

हे वाक्य खोटे आहे. १९७९ ची म्हणून नोंदलेली महिलांची आशियाई चषक स्पर्धा केरळात कोझिकोडला झाली. यजमान या नात्याने भारताने तिच्यात एक सोडून दोन संघ उतरवले, आणि त्यांपैकी एक अंतिम सामन्यापर्यंत गेला. तेथे चिनी तैपेईकडून आपण ०–२ असे हरलो. १९८१ साली हाँगकाँगमध्ये भारत तिसरा आला. १९८३ साली बँकॉकमध्ये पुन्हा अंतिम सामना. या वेळी यजमान थायलंडने आपल्याला ३–० असे हरवले. म्हणजे चार-पाच वर्षांच्या अवधीत दोनदा उपविजेतेपद आणि एकदा तिसरा क्रमांक! १९८३ साली शांती मल्लिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. फुटबॉलसाठी तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. आमच्या कँटीनमधल्या फुटबॉलपंडितांपैकी एकानेही हे नाव ऐकलेले नव्हते. खरे सांगायचे तर तोपर्यंत मीही ऐकले नव्हते.

कोणी म्हणेल, त्या काळी स्पर्धाच लहान होती. खरे आहे. चीनचा महिला संघ या स्पर्धेत १९८६ साली प्रथम आला, तोवर मैदान बरेच मोकळे होते. हे मान्य करूनच पुढे जाऊ. पण १९६४ चा पुरुषांचा आशियाई चषकही चारच संघांचा होता, आणि तो मात्र आपण अभिमानाने मोजतो. मोजायचे तर दोन्हीकडे एकच माप लावावे, एवढेच माझे म्हणणे.

आता थायलंडकडे वळू. कारण १९८३ च्या त्या अंतिम सामन्यात हे दोन देश एकाच मैदानावर, जवळजवळ एकाच पायरीवर उभे होते. गरीब-श्रीमंतीत, देहयष्टीत किंवा हवामानात युरोप आणि आपण यांच्यात असते तसे अंतर त्यांच्यात नव्हते. पुढल्या चाळीस वर्षांत या दोन संघांचे काय झाले ते पाहिले, म्हणजे एखाद्या संघाची कामगिरी कशाने ठरते ते नीट कळते.

आपल्या दोघांतले काही सामने पाहा. १९८३, बँकॉक : थायलंड ३, भारत ०. २०१४, इंचिऑनच्या आशियाई क्रीडास्पर्धा : थायलंड १०, भारत ०. २०२३, हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धा : थायलंड १, भारत ०. २०२५, चियांग माई : भारत २, थायलंड १.

या चार ओळी मी वहीत लिहिल्या आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. तीनाचे दहा कसे झाले? दहाचा एक कसा झाला? आणि शेवटी पारडे फिरले कसे? १९८३ च्या मुलींपेक्षा २०१४ च्या मुली तिपटीने वाईट खेळत होत्या, असे तर म्हणता येणार नाही. मग हे सात जास्तीचे गोल आले कोठून?

याचे उत्तर मला कोणत्याही पुस्तकात मिळाले नाही. ते आमच्या घरच्या भिंतीवर मिळाले.

माझी आई चार घरी धुणीभांडी करते. तिला लिहिता येत नाही, म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयावर तिचे खाडे मांडण्याचे काम मी तिसरीत असल्यापासून करते आहे. ज्या दिवशी काम झाले नाही त्या तारखेवर फुली. महिन्याच्या शेवटी फुल्या मोजायच्या, तेवढे पैसे कापून घ्यायचे. मागल्या उन्हाळ्यात एका घरची मंडळी आठ दिवस बाहेरगावी गेली. आईला कोणी आधी सांगितले नव्हते. ती पहिल्या दिवशी सकाळी सहाला गेली, कुलूप पाहून परत आली. दुसऱ्या दिवशीही गेली. महिनाअखेरीस आठ खाडे कापले गेले. त्या रात्री आई भाकरी थापता थापता म्हणाली, "मी तं दारात उभी होती. कुलूप त्याईनं लावलं, अन् खाडा माह्या नावावर!"

एखाद्या संघाच्या कामगिरीचा तक्ता हा असाच खाड्यांचा कालनिर्णय असतो. त्यात विजय आणि पराभव तेवढे दिसतात. जे सामने झालेच नाहीत ते दिसत नाहीत. आणि हिशेब करताना मात्र ते सगळे खाडे खेळाडूंच्याच नावावर मांडले जातात.

आता आपल्या महिला संघाची कोरी पाने उलटून पाहू. १९७५ साली भारतीय महिला फुटबॉल महासंघ स्थापन झाला आणि त्याच वर्षी लखनौला महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. ही वेगळी, हौशी, उत्साही संस्था होती. १९७९ ते १९८३ ची पदके तिच्याच काळातली. १९९० च्या दशकाच्या आरंभी महिलांचा फुटबॉल अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे गेला. घर मोठे झाले. आता मुलींना बरे दिवस येतील असे वाटायला हरकत नव्हती. पण १९९८ साली बँकॉकच्याच आशियाई क्रीडास्पर्धेत चीनने भारताला १६–० असे हरवले. २००३ साली भारत आशियाई चषकात खेळला, तो पुढे जवळजवळ एकोणीस वर्षे त्या स्पर्धेच्या मैदानावर दिसला नाही. २००९ साली तर जागतिक क्रमवारीतून भारताचे नावच गेले. आपण शेवटच्या क्रमांकावर घसरलो असतो तर तोही एक क्रमांक असता. पण अठरा महिन्यांहून अधिक काळ संघाने एकही सामना न खेळल्यामुळे नाव यादीतूनच काढले गेले. त्या अठरा महिन्यांत मुली घरोघर बसून 'आम्ही खेळणार नाही' म्हणत होत्या काय? त्या दारात उभ्या होत्या. कुलूप दुसऱ्यांनी लावले होते.

देशात पुरुषांची राष्ट्रीय लीग १९९६ साली सुरू झाली. महिलांची लीग सुरू व्हायला २०१७ चा जानेवारी उजाडला आणि तिची पहिली अंतिम फेरी सहा संघांची होती. मध्ये वीस वर्षे गेली. वीस वर्षांत एक मुलगी जन्माला येऊन, खेळायला लागून, राष्ट्रीय संघाच्या वयाची होते. तेवढ्या काळात जन्मलेल्या सगळ्या मुलींना 'वर्षातून एकदा राज्याच्या संघातून खेळा आणि घरी जा' एवढेच आपण सांगत होतो. तीनाचे दहा झाले ते असे. ते सात गोल थायलंडने केलेच नाहीत. ते या न झालेल्या सामन्यांनी केले.

थायलंडने या काळात काय केले? कोणतीही जादू केली नाही. ते खेळत राहिले. दक्षिण-पूर्व आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांच्या मुलींनी १९८५, १९९५ आणि १९९७ साली सुवर्णपदके घेतली. पुढे व्हिएतनाम जोरात आला, तेव्हा त्याच्याशी हरत-जिंकत राहिले. शेजारी तुल्यबळ असला की दोघेही वाढतात, हा साधा नियम आहे. नुआलफान लामसाम नावाच्या विमा व्यवसायातील बाई संघाच्या व्यवस्थापक झाल्या आणि त्यांनी खेळाडूंना आपल्या कंपनीत नोकऱ्या दिल्या. महिन्याच्या पगाराची काळजी मिटली की पाय मोकळे होतात, हे मी आईची मुलगी असल्याने सांगू शकते. २०१५ साली थायलंडचा संघ विश्वचषकात उतरला आणि आयव्हरी कोस्टला ३–२ असे हरवून आला. इंचिऑनमध्ये आपल्याला दहा गोलांनी हरवल्यावर वर्षही उलटले नव्हते.

पण थायलंडची खरी गोष्ट जिंकण्याची नाही. ११ जून २०१९ रोजी फ्रान्समधल्या रीम्स शहरी विश्वचषकात अमेरिकेने थायलंडचा १३–० असा पराभव केला. जगभर त्याची चर्चा झाली. हे संघ येथे येतातच कशाला, असेही काही शहाण्यांनी विचारले. पाच दिवसांनी तोच संघ स्वीडनसमोर उभा राहिला. पुन्हा पाच गोल खाल्ले. पण शेवटच्या जादा वेळेत कांचना सुंगन्गोएन हिने एक गोल केला, आणि बाकावर बसलेल्या व्यवस्थापकबाईंना रडू आवरले नाही. १–५ असा हरलेला तो सामना. त्या एका गोलाची किंमत पराभवांची भीती बाळगून घरी बसणाऱ्यांना कळायची नाही. पुढे २०२४ साली याच बाई थायलंडच्या संपूर्ण फुटबॉल संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. पुरुषांच्या आणि महिलांच्याही. तेथे 'ते वेगळं' राहिले नाही.

आपण १६ खाल्ले, त्यांनी १३ खाल्ले. तेरा गोलांच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलींना पुढच्या सामन्याची तारीख ठाऊक होती. आपल्या मुलींच्या कालनिर्णयावर पुढे तारीखच नसे.

याचा अर्थ आपल्या मुली काही करीत नव्हत्या असा मुळीच नाही. दक्षिण आशियाई महिला अजिंक्यपद स्पर्धा २०१० साली सुरू झाली आणि तिची पहिली पाचही विजेतीपदे भारताने घेतली : २०१०, २०१२, २०१४, २०१६, २०१९. दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत २०१०, २०१६ आणि २०१९ अशी तीन सुवर्णपदके. मणिपूरच्या बेमबेमदेवी यांनी या सगळ्या उन्हापावसातून संघ पुढे नेला; २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण शेजारी झोपलेले नसतात. २०२२ आणि २०२४ साली हीच स्पर्धा बांगलादेशच्या मुलींनी जिंकली.

आणि २०२२ हे वर्ष! त्या वर्षाविषयी लिहिताना आजही मन अस्वस्थ होते, कारण ते आपल्याच महाराष्ट्रात घडले. महिलांचा आशियाई चषक त्या वर्षी नवी मुंबई, मुंबई आणि पुणे येथे भरला. एकोणीस वर्षांनी भारत या स्पर्धेत उतरला होता. २० जानेवारीला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर इराणशी ०–० अशी बरोबरी झाली. २३ जानेवारीला चिनी तैपेईशी सामना होता. पण संघात करोना शिरला. नियमाप्रमाणे किमान तेरा खेळाडू उभे करता आले नाहीत, आणि यजमान संघ स्पर्धेतून बाद झाला. एवढेच नाही. नियमानुसार इराणविरुद्धचा सामनाही रद्दबातल धरला गेला. मुली नव्वद मिनिटे धावल्या, घाम गाळला, आणि स्पर्धेच्या तक्त्यात तो सामना झालाच नाही. कोझिकोडला दोन संघ उतरवणाऱ्या देशाला नवी मुंबईत तेरा खेळाडू मिळू नयेत! साथ होती हे मान्य. पण झालेला खेळही पुसला जाऊन खाडा मांडला जातो, तो कोणाच्या नावावर?

त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये दुसरा प्रसंग. केरळचा गोकुळम संघ राष्ट्रीय लीग जिंकून आशियाई महिला क्लब स्पर्धेसाठी उझबेकिस्तानात पोहोचला होता. मुली ताश्कंदला उतरल्या आणि त्याच सुमारास, संघटनेच्या कारभारात बाहेरच्यांचा हस्तक्षेप झाला म्हणून, जागतिक फुटबॉल महासंघाने भारताला निलंबित केले. भांडण खुर्च्यांचे, त्यात मुलींचा काडीचा संबंध नव्हता. अकरा दिवसांनी निलंबन उठले. पण गोकुळमच्या मुली तोवर न खेळता परतल्या होत्या. आई सकाळी सहाला दारात उभी राहिली आणि समोर कुलूप दिसले, त्याहून हे काय वेगळे?

आता या पार्श्वभूमीवर २०२५ चा जुलै पाहा, म्हणजे त्या विजयाचे वजन कळेल. चियांग माईत पात्रता गटाचे सामने झाले. गटातून एकच संघ पुढे जाणार होता. भारताने मंगोलियाला १३–०, तिमोर-लेस्तेला ४–० आणि इराकला ५–० असे हरवले. ५ जुलैला शेवटचा सामना यजमान थायलंडशी होता, आणि तो संघ क्रमवारीत आपल्याहून चोवीस पायऱ्या वर. पश्चिम बंगालच्या संगीता बासफोरने दोन गोल केले, भारत २–१ असा जिंकला आणि २०२६ च्या आशियाई चषकासाठी पात्र ठरला. पात्रता फेरी खेळून, जिंकून, हक्काने मिळवलेला हा पहिलाच प्रवेश. ज्या देशात १९८३ चा अंतिम सामना गमावला, त्याच देशात बेचाळीस वर्षांनी हा हिशेब चुकता झाला.

यावर आक्षेप घेतला जातो तो मला ठाऊक आहे, आणि तो अगदीच फोल नाही. लोक म्हणतात, खेळ म्हणजे धर्मादाय काम नव्हे. मुलींनी आधी जिंकून दाखवावे, मग प्रेक्षक येतील, मग पैसा येईल. महिला क्रिकेटचे उदाहरण देतात. २ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, आणि आमच्या मोहल्ल्यातही फटाके वाजले. पण या उदाहरणाचा क्रम तर पाहा. महिला क्रिकेट २००६ साली मुख्य मंडळाकडे आले; २०२२ साली सामन्याचे मानधन पुरुषांइतके ठरले; २०२३ साली महिलांची लीग सुरू झाली. सामने आधी वाढले, विश्वचषक नंतर आला. आधी पीक दाखव, मग बियाणे देतो, असे कोणता शेतकरी आपल्या वावराला म्हणतो?

आपल्या शहराला मुलींचे कौतुक नाही असेही मी म्हणणार नाही. त्याच जुलैच्या २८ तारखेला आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. ती परत आली तेव्हा विमानतळावर जी गर्दी झाली, ती सर्वांनी पाहिली. आणि हे शहर फुटबॉलला परकेही नाही. कामठीच्या मैदानांवर पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉल खेळला जातो. येथल्याच क्रीडाशिक्षक विजय बारसे सरांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या मुलांना चेंडूभोवती गोळा केले, आणि त्यांच्यावरचा 'झुंड' चित्रपट २०२२ साली आपण सर्वांनी टाळ्या वाजवून पाहिला. मग चियांग माईचा विजय आपल्या कँटीनपर्यंत का पोहोचला नाही? माझ्या मते कारण असे : बुद्धिबळाच्या पटाला एक मुलगी पुरते. फुटबॉलला अकरा लागतात. एकटीची जिद्द आई-बापांच्या पुण्याईवर निभावून जाते; अकराजणींसाठी मैदान, वेळ, प्रशिक्षक आणि तारीख कोणीतरी ठरवून द्यावी लागते. तेथे समाजाची आणि संस्थेची परीक्षा असते.

हे मी दुरून बोलत नाही. प्रथम वर्षाला असताना सूचनाफलकावर मुलींच्या फुटबॉल संघासाठी नावे मागवली होती. नऊ नावे आली. मी माझे नाव दिले नाही, कारण सकाळी सरावाच्या वेळी आईबरोबर एका घरी जावे लागे. संघ झाला नाही. हा एक खाडा माझ्या नावावर, आणि तो मी कबूल करते. या वर्षी आईच म्हणाली, "ते एक घर मी पाहून घेतो, तू जाय." मी नाव दिले. बारा जणी झालो. मैदान मात्र एक आणि संघ पाच. आमच्या वाट्याला आली दुपारची अर्धा तास वेळ, तीही आठवड्यातून दोनदा. क्रीडाशिक्षक सरांनी खरोखर धडपड केली, पण दुपारच्या उन्हात आणि तासिका बुडवून मुली किती दिवस येणार? दिवाळीपर्यंत आठ जणी उरलो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी प्रवेशिका गेली नाही. वर्षाच्या नोंदीत एक ओळ पडली : 'मुली – संघ नाही.'

त्या ओळीचे पुढे काय होणार हे मला दिसते आहे. पुढच्या वर्षी मैदानाचे वेळापत्रक ठरेल तेव्हा ती ओळ कोणीतरी वाचेल आणि म्हणेल, "मुलींचा प्रतिसाद नसतो." संघ नाही म्हणून मैदान नाही, मैदान नाही म्हणून संघ नाही. २००९ साली जागतिक क्रमवारीतून नाव गेले ते याच रीतीने. फरक एवढाच की तो कागद झुरिचला होता आणि हा आपल्या महाविद्यालयात आहे.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. स्टेडियम नको, शिष्यवृत्ती नको, सत्कार तर नकोच. नोंद पूर्ण ठेवा. क्रीडाविभागाच्या अहवालात जेथे 'संघ नाही' असे लिहिले जाईल, तेथे त्याच ओळीत आणखी दोन आकडे लिहा : किती मुलींनी नावे दिली, आणि त्यांना वर्षभरात किती तास मैदान मिळाले. एवढे केले तर दोष कोणाला द्यायचा याचा वाद उरणार नाही. आकडे आपोआप बोलतील, आणि कदाचित पुढच्या वर्षी वेळापत्रक ठरवणाऱ्याचा हात थोडा थांबेल.

घरी मी हा सुधार केव्हाच केला आहे. कालनिर्णयावर आता मी दोन प्रकारच्या खुणा करते. आई गेली नाही त्या दिवशी फुली. आई गेली आणि दार बंद होते त्या दिवशी गोल. पहिल्या महिन्यात आईने तो कालनिर्णय घरोघर दाखवला. तीन घरांनी गोल कापले नाहीत. चौथ्या घराने कापले. आई म्हणते, "तीन तं मानले नं. चौथंही मानन."

माझ्या त्या मित्राला मी परवा पुन्हा गाठले आणि या लेखातल्या चार सामन्यांच्या ओळी दाखवल्या. त्याने त्या वाचल्या, बोटांवर काहीतरी मोजले आणि विचारले, "१९८३ ते २०१४ मध्ये काय झालं?"

मी म्हणाले, "तेच लिहिते आहे."

— बी. ए., द्वितीय वर्ष